पेटंट कसं वाचायचं: एका शिशीच्या निमित्तानं

मागच्या जुलैत, पऱ्हाटी गुडघ्याला लागली होती तेव्हा, माझा भाचा कृषी केंद्रातून अर्ध्या लिटरची शिशी घेऊन आला. फवाऱ्याच्या पाण्यात टाकायचं स्टिकर होतं, म्हणजे औषध पानावर पसरून चिकटावं म्हणून टाकतात ते द्रावण. वर मोठ्या अक्षरांत 'पेटंटेड टेक्नॉलॉजी', खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक लांबलचक नंबर. म्हणाला, "आत्या, पेटंटवालं हाय. मंग चांगलंच असन ना?"

आर्वी तालुक्यातल्या याच घरातून मी नागपूरला लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये तेल-तंत्रज्ञान शिकायला गेले. १९८३ साली तिथून बाहेर पडले आणि पुढची अडतीस वर्षं रसायनांच्या कारखान्यांत काढली. काम दोनच गोष्टींचं: उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणारे पदार्थ, आणि सर्फॅक्टंट, म्हणजे तेल-पाणी जुळवणारे साबणासारखे पदार्थ. पाच पेटंटांवर शोधक म्हणून माझं नाव आहे. मालकी अर्थात कंपनीची. तरी भाच्याच्या प्रश्नाला मी हो म्हणाले नाही. पेटंट तपासणारा अधिकारी तीन गोष्टी पाहतो: वस्तू नवी आहे का, जाणकाराला सहज सुचली असती अशी तर नाही ना, आणि ती उद्योगात वापरता येते का. ती तुमच्या कपाशीवर किती चालेल, तिला एवढी किंमत मोजावी का, हे तो पाहत नाही. ते आपल्यालाच पाहावं लागतं. पाहायचं कसं, ते मी भाच्याला चार संध्याकाळी बसून दाखवलं. तेच इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पेटंट हा सौदा आहे. सरकार शोधकाला वीस वर्षं सांगतं की ही वस्तू तुझ्याशिवाय दुसऱ्यानं करायची नाही. त्याच्या मोबदल्यात शोधकानं आपली कृती सगळ्या जगासमोर उघडी करायची, आणि ती अशी की त्या विषयातल्या माणसाला वाचून करता यावी. आपल्या कायद्यात तर स्वतःला माहीत असलेली सर्वांत चांगली रीत लिहा, अशीच अट आहे. म्हणजे लोकांनी किंमत मोजून विकत घेतलेलं हे ज्ञान आहे. ते न वाचणं म्हणजे पैसे भरून माल दुकानातच ठेवून येणं.

नंबर आणि तारीख आधी

मी शिकत होते तेव्हा परदेशी पेटंटाची एक प्रत हातात यायला महिने लागायचे. १९८० साली नागपुरात पेटंट इन्फर्मेशन सिस्टीम सुरू झाली आणि आम्हा पोरांना केवढा आनंद झाला होता! आज ते सगळं मोबाइलवर फुकट आहे. गूगल पेटंट्सवर जा, युरोपीय कार्यालयाच्या एस्पासनेटवर जा. भारतातले अर्ज सरकारच्या इनपास या शोधयंत्रावर मिळतात. नागपुरात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, या विषयाचं प्रशिक्षण तिथे मिळतं. विदर्भातल्या पोरांच्या इतक्या जवळ ही सोय आहे आणि गावात कोणाला त्याची खबर नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

२०१६ नंतरच्या भारतीय अर्जाचा नंबर बारा आकडी असतो. पहिले चार आकडे वर्षाचे. पाचवा आकडा कार्यालयाचा: १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. आपल्या महाराष्ट्रातला अर्ज मुंबईला जातो, म्हणून २०१९२१ असं काही सुरुवातीला दिसलं की समजायचं, २०१९ साली मुंबईत भरलेला अर्ज आहे. शिशीवरचा नंबर याच जातीचा निघाला. आणि इथेच लोक फसतात. बारा आकडी नंबर हा अर्जाचा असतो. अर्ज कोणीही करू शकतो. एकट्या माणसाला ऑनलाइन भरायची सुरुवातीची फी १६०० रुपये. अर्ज भरल्यावर साधारण अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. मंजूर व्हायला पुढे परीक्षण मागावं लागतं, त्याची वेगळी फी, मग आक्षेप, उत्तरं, आणि मग झालं तर पेटंट. अमेरिकेच्या कागदावर हा फरक नंबरच्या शेपटात दिसतो: शेवटी ए१ असेल तर अर्ज नुसता छापलाय, बी१ किंवा बी२ असेल तर मंजूर झालाय.

इनपासवर नंबर टाकला. परीक्षणाची मागणीच मुदतीत केलेली नव्हती, त्यामुळे अर्ज मागे घेतल्यात जमा झाला होता. पेटंट नव्हतंच, पुढे होणारही नव्हतं. पेटंट नसताना पेटंट आहे असं मालावर लिहिणं हा आपल्या पेटंट कायद्याप्रमाणे दंडाला पात्र प्रकार आहे. भाचा चिडला, शिशी परत करतो म्हणाला. मी म्हटलं, थांब. आत काय आहे ते अजून आपण पाहिलेलं नाही. कागद खोटा असला तरी माल खराबच असेल असं काही नाही.

तारखेकडे येऊ. भारतात आता पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. तिसऱ्या वर्षापासून दर वर्षाची फी भरत राहावी लागते. नाही भरली तर पेटंट मध्येच मरतं. आणि पेटंट ज्या देशात मिळालं त्याच देशात चालतं. अमेरिकेत मंजूर झालेलं आणि भारतात कधी मागितलंच नाही, तर आर्वीत बसून ती कृती करायला ते आडवं येत नाही. मुदत जिवंत असली तरी नुसता प्रयोग, संशोधन आणि पोरांना शिकवणं याला कायद्यानं मोकळीक ठेवलेली आहे. विक्री मात्र वेगळी गोष्ट. कीडनाशक म्हणून काही विकायचं असेल तर १९६८ चा कीटकनाशक कायदा लागतो, नोंदणी लागते. पेटंट संपलेलं आहे एवढ्यानं विकायचा परवाना मिळत नाही. आपण इथे जे करतो आहोत ते आपल्या वावरापुरतं.

मरे रेनीचं पेटंट: वाचायची सुरुवात इथून करा

एकदम आजकालचं पेटंट उघडू नका. चाळीस चाळीस पानांचं असतं, वकिलांनी लिहिलेलं. मी पोरांना मरे रेनीचं पेटंट देते: अमेरिकेचं १६,२८,१९० नंबरचं, मे १९२७ चं. अगदी छोटं आहे, आणि त्याची गोष्ट आपल्या घरची वाटावी अशी आहे, कारण तिची सुरुवात सरकीच्या तेलापासून होते.

पातळ तेलात हायड्रोजन घातला की ते घट्ट होतं. आपल्या वनस्पती तुपाचं मूळ तेच. ही रीत जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यानं १९०२ साली पेटंट केली. त्याला निकेल हा धातू उत्प्रेरक म्हणून लागतो. उत्प्रेरक म्हणजे काय, हे समजायला आपला पाटा पुरे. चटणी पाट्यावर होते, पाट्याशिवाय होत नाही, पण चटणीत पाटा नसतो. आणि पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यावी लागते. खरखरीत पृष्ठभाग नसेल तर वरवंटा नुसता घसरतो. उत्प्रेरकाचंही अगदी तसंच आहे. सगळं काम पृष्ठभागावर होतं.

रेनी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनुगा गावी एका तेल कारखान्यात होता. तिथे वापरत होते त्यापेक्षा चांगलं निकेल करता येईल असं त्याला वाटत होतं. १९२४ साली त्यानं निकेल आणि सिलिकॉन निम्मं-निम्मं वितळवून मिश्रधातू केला आणि त्यावर कॉस्टिक सोडा सोडला. सरकीच्या तेलावर तो माल तेव्हाच्या चांगल्या निकेलपेक्षा पाचपट चालला. १९२५ साली त्याचं पेटंट मिळालं. पुढच्याच वर्षी त्यानं सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम घेतलं. वर सांगितलेलं १९२७ चं पेटंट याच रीतीचं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खाऊन टाकतो, निकेलला हात लावत नाही. मागे उरतं ते मोहोळासारखं पोकळ-पोकळ निकेल. त्याच्या एका ग्रॅमला साधारण शंभर चौरस मीटर पृष्ठभाग असतो. एका चिमटीत घराच्या अंगणाएवढी टाकी लावलेली जागा! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत उठून उभी राहिले होते.

आता हे पेटंट वाचताना काय शिकायचं? आधी अडचण शोधा: माणूस कशावर नाखूश होता. मग एकच वाक्य शोधा, ज्यात त्यानं नवीन काय केलं ते आहे: विरघळणाऱ्या धातूबरोबर मिसळा आणि मग तो धातू विरघळवून काढा. मग ती जागा शोधा जिथे तो थोडा सैल सोडतो, म्हणजे एवढंच नाही, प्रमाण कमीजास्त चालेल, असं म्हणतो. तिथे पुढच्या माणसाला वाव असतो. त्या वेळी अमेरिकेत मुदत मंजुरीपासून सतरा वर्षं होती, म्हणून १९४४ ला हे पेटंट संपलं. पण रेनी निकेल या नावाचा ट्रेडमार्क पुढेही चालू राहिला. पेटंट संपतं, ट्रेडमार्कचं नूतनीकरण होत राहतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि शिशीवर वाचताना लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

हा प्रयोग घरी करायचा नाही. कोरडं रेनी निकेल हवा लागताच पेट घेतं. ते पाण्याखाली ठेवावं लागतं. इथे वाचायचं ते फक्त रीत शिकायला.

उदाहरणांत खरं काय असतं

आजचं पेटंट उघडलं की लोक वरचा सारांश वाचतात, मग दावे वाचतात आणि कंटाळून बंद करतात. मी उलटं करते. तारखा पाहिल्या की थेट उदाहरणांकडे जाते आणि तक्ते काढते.

दाव्यात जे आहे ते हक्क म्हणून मागितलेलं असतं, उदाहरणात जे आहे ते बहुधा घडलेलं असतं. दाव्यात लिहितील, '१ ते ४० टक्के, शक्यतो ५ ते २०, अधिक शक्यतो ८ ते १२.' मग उदाहरणं पाहा: नऊच्या नऊ १० टक्क्यांवर केलेली असतील. तेच त्यांच्या हातचं आहे, बाकी कुंपण आहे.

क्रियापदाचा काळही पाहा. अमेरिकी पेटंटांत जो प्रयोग खरंच केला तो भूतकाळात लिहितात: 'तापवलं, गाळलं, वजन केलं.' जो केलेला नाही, नुसता करता येईल असं वाटतं, तो वर्तमानकाळात लिहायचा नियम आहे: 'तापवतात, गाळतात.' मला हे माहीत नव्हतं तोवर मी एका न केलेल्या प्रयोगावर दोन महिने घालवले होते.

आणि तुलनात्मक उदाहरण कधी सोडू नका. त्यात शोधक दाखवतो की आपली युक्ती काढून घेतली तर काय बिघडतं. करपलेली भाकर पाहूनच तवा कधी तापला ते समजतं, तसं मला नेहमी या फसलेल्या प्रयोगांतून जास्त समजलं.

माझंच काम सांगते. चरबीयुक्त अल्कोहोलला इथिलीन ऑक्साइडचे दुवे जोडले की बिनभाराचा, म्हणजे रेणूवर विद्युतभार नसलेला, सर्फॅक्टंट तयार होतो. ही रीत जर्मनीत आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीच्या शोलर आणि विटवर यांनी १९३० साली काढली. साखळीत सरासरी सात दुवे हवेत म्हटलं तरी नेहमीच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइड उत्प्रेरकानं कुणाला दोन, कुणाला पंधरा, काहींना एकही नाही, अशी वाटणी होते. पंगतीत एकाच्या पानात पाच पुऱ्या आणि दुसऱ्याचं पान रिकामं! आम्ही मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं भाजलेलं संयुग उत्प्रेरक म्हणून घेतलं आणि वाटणी सात-आठच्या आसपास आवळून आणली. न लागलेलं अल्कोहोल कमी झालं, वास गेला. त्या पेटंटात नऊ उदाहरणं आहेत आणि दोन तुलनात्मक. कोणी मला विचारलं की काय वाचू, तर मी त्या दोनांकडे बोट दाखवते. इथिलीन ऑक्साइड हा स्फोटक आणि कर्करोगकारक वायू आहे, गावात त्याचं काम नाही. पण त्यातून निघालेला माल तुमच्या स्टिकरच्या शिशीत असतो, म्हणून ओळख असावी.

दावा वाचताना एकेक शब्द मोजायचा

याला निंबोळी तेलाच्या पेटंटासारखं दुसरं उदाहरण नाही. १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयानं अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना ०४३६२५७ नंबरचं पेटंट दिलं. ग्रेस म्हणजे तीच कंपनी, जिनं १९६३ साली रेनीचा कारखाना विकत घेतला होता. दावा होता पिकावरच्या बुरशीला आवर घालायच्या रीतीचा. त्यातले आकडे असे: ०.१ ते १० टक्के निंबोळी तेल, ०.००५ ते ५ टक्के पायसकारी (तेल-पाणी दुधासारखं एकजीव करणारा) सर्फॅक्टंट, बाकी पाणी.

मी भाच्याला पेन दिला आणि म्हटलं, आपलं गणित मांड. लिटरला ५ मिली तेल म्हणजे ०.५ टक्के. लिटरला २ ग्रॅम साबण म्हणजे ०.२ टक्के. दोन्ही त्यांच्या कुंपणाच्या आत. पोराचा चेहरा उतरला. मग मी दाव्यातला राहिलेला तुकडा वाचून दाखवला: तेल पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकानं काढलेलं हवं आणि त्यात अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं किडीला आवर घालणारं द्रव्य, जवळपास नसलेलं हवं. आपल्या घाण्यावरच्या तेलात ते असतं. दाव्यातल्या सगळ्या अटी लागल्या तरच दावा लागतो. एक सुटली तर आपण बाहेर. आणि युरोपचं पेटंट इथे चालतच नव्हतं, ते वेगळंच.

ते पेटंट टिकलंही नाही. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा, युरोपीय संसदेतला हरित गट आणि सेंद्रिय शेतीवाल्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी हरकत घेतली, निंबोळीचं काम करणाऱ्या एका भारतीय कारखानदारानं साक्ष दिली, २००० च्या मे महिन्यात ते रद्द झालं आणि ८ मार्च २००५ ला अपीलही फेटाळलं गेलं. त्याआधी १९९७ साली हळदीचं अमेरिकी पेटंट आपल्या सीएसआयआरनं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं) रद्द करवलं होतं, तेही जुने छापील पुरावे पुढे ठेवून. छापलेलं, तारीख असलेलं कागदपत्र किती कामाचं असतं ते यावरून समजावं. आजीला माहीत होतं, हे अधिकाऱ्यापुढे सिद्ध करणं फार कठीण जातं.

दाव्यातला आणखी एक शब्द पाहा. इंग्रजीत 'कम्प्रायझिंग' लिहिलं असेल तर हे घटक आहेत आणि आणखीही असू शकतात. 'कन्सिस्टिंग ऑफ' लिहिलं असेल तर एवढेच, बाकी नाही. एका शब्दावर कारखाने उभे राहतात आणि बंद पडतात. भारतात शेतीची रीत पेटंट होत नाही. दोन गोष्टी नुसत्या मिसळल्या आणि गुणांची फक्त बेरीज झाली, तर तेही होत नाही. परंपरेनं चालत आलेलं ज्ञानही नाही. हे तिन्ही आपल्या कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. मला विचाराल तर शेतकऱ्यानं सगळ्यात आधी तेच एक कलम वाचावं.

आता शिश्या मांडा

वाचलेलं हाताखालून गेलं पाहिजे. मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा, सारख्या चार काचेच्या शिश्या घ्या, प्रत्येकीवर १०० मिलीची खूण करा.

निंबोळी अर्काची कृती सगळ्यांना पाठ आहे: ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर ९ लिटर पाण्यात, २०० ग्रॅम साबणचुरा एका लिटरात, गाळून एकूण १०० लिटर. त्यात तो साबण काहून टाकतात, हे मात्र कोणी विचारत नाही. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल बांधून ठेवणारा ताण, साधारण ७२ (मिलिन्यूटन प्रति मीटर) असतो, साबणानं तो तिशीच्या आसपास उतरतो. मग थेंब पानावर मोत्यासारखा उभा न राहता पसरतो, आणि तेलाचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात. परसातलं अळूचं पान घ्या. साध्या पाण्याचा एक थेंब, साबणपाण्याचा एक. मग साबण दुप्पट करून एक, चौपट करून एक. एका हद्दीनंतर थेंब आणखी पसरत नाही. त्या हद्दीला साबणाचे रेणू आपसांतच गोळे करून बसतात. शाम्पू-डिटर्जंटातल्या सोडियम लॉरिल सल्फेटची ही हद्द लिटरला सव्वादोन ग्रॅमच्या थोडी वर आहे. पुढे टाकलेला माल पान जाळतो आणि पैसे जाळतो.

साबण घेताना वेष्टनावर टीएफएम पाहा, म्हणजे चरबीचं प्रमाण. पहिल्या प्रतीच्या अंघोळीच्या साबणात ते ७६ टक्के किंवा जास्त असतं. २० ग्रॅम किसून एक लिटर कोमट पावसाच्या पाण्यात विरघळवा. यातले १० मिली शिशीत घ्या, सिरिंजनं अर्धा मिली निंबोळी तेल सोडा आणि झाकण लावून जोरात हलवा. दुधासारखं झालं पाहिजे. मगच पाणी खुणेपर्यंत भरा. क्रम चुकवू नका: आधी साबण, मग तेल, शेवटी पाणी. सगळ्या पाण्यात तेल ओतून वर साबण टाकला तर ते कधी नीट मिसळत नाही.

एका शिशीत विहिरीचं पाणी, एकीत बोअरचं, एकीत टिनाच्या पत्र्यावरून धरलेलं पावसाचं. चौथीत विहिरीचं पाणी आणि साबणाच्या जागी कृषी केंद्रातलं ते स्टिकर, लेबलावरच्या मात्रेत. अर्धा तास हलवायचं नाही. औषधांच्या पायसाची अधिकृत चाचणीही अशीच असते: ठरावीक जड पाणी, दशलक्ष भागांत ३४२ भाग कठीणपणाचं, शंभर मिलीचं भांडं, आणि वर किंवा खाली २ मिलीपेक्षा जास्त थर सुटायला नको.

आमच्याकडे काय झालं? बोअरच्या पाण्यात पाचच मिनिटांत फाटलेल्या दुधासारखे गोळे आले. विहिरीच्या पाण्यात थोड्या वेळानं तेच. आपल्या भागातलं पाणी जड, त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा चिकट चोथा करतं. तोच चोथा पंपाच्या नोझलमध्ये बसतो, आणि लोक निंबोळीला शिव्या देतात. पावसाच्या पाण्यातलं मिश्रण अर्ध्या तासानंही पांढरंशुभ्र होतं. आणि स्टिकरवाली शिशीही टिकली, जड पाण्यात टिकली, कारण बिनभाराच्या सर्फॅक्टंटला कॅल्शियम धरू शकत नाही. माल चांगला होता. नवीन काहीच नव्हता, शोलर-विटवरच्या काळापासून माहीत असलेला, पण चांगला होता. मी हे भाच्याला स्पष्ट सांगितलं. खोट्या नंबराबद्दल राग ठेव, मालाबद्दल खोटं बोलू नको.

पाणी मऊ करायला धुण्याचा सोडा टाकू का, असं त्यानं विचारलं. टाकू नका. अझाडिरॅक्टिन अल्कलीत मोडतं, उन्हातही मोडतं. साबण स्वतःच थोडा अल्कधर्मी आहे, म्हणून मिश्रण करायचं त्याच दिवशी, आणि फवारायचं ऊन उतरल्यावर. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ मिली तेल, ३० ग्रॅम साबण. आधी पाच झाडांवर, दोन दिवस पानं पाहायची, मगच वावरात.

आणि एक हात जोडून सांगते. हे निंबोळीपुरतं आहे. विषारी औषधांत आपल्या मनानं साबण, स्टिकर, दोन-दोन औषधं मिसळू नका. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली. तेव्हा मी रजा घेऊन गावी आले होते आणि रात्री झोप लागत नव्हती. लेबलावर जे मिसळायला सांगितलेलं नाही ते मिसळायचं नाही. हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करायचं नाही.

वही

आमच्या प्रयोगाची नोंद भाच्यानं सुट्या कागदावर केली होती. तो कागद मी घेतला आणि त्याच्या हातात बांधीव वही दिली, पानांवर छापील नंबर असलेली. माझ्या पहिल्याच कारखान्यात एका उत्प्रेरकाच्या भाजणीचं तापमान मी शोधून काढलं होतं. नोंदी सुट्या कागदांवर होत्या, तारखा नव्हत्या. पेटंट झालं तेव्हा त्यावर माझं नाव नव्हतं, आणि नाव असायला हवं होतं हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. त्यानंतर मी एकही दिवस बिनतारखेचा लिहिला नाही. शाईनं लिहा, खोडू नका, चुकलं तर एक रेघ मारा म्हणजे खालचं वाचता येईल. पानाखाली सही, आणि प्रयोग पाहिलेल्या दुसऱ्या माणसाची सही. फसलेलं तर आधी लिहा. आणि काही नवं हाती लागलं असं वाटलं तर अर्ज भरायच्या आधी ते कुठेही छापू नका, व्हॉट्सॲपवरही टाकू नका. जाहीर झालं की नवेपण गेलं.

त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर शिशीचं बिल डकवलेलं आहे, खाली अर्जाचा नंबर आणि इनपासवर दिसलेली स्थिती, त्याखाली चार शिश्यांचा तक्ता. साक्षीदार म्हणून त्याच्या आईनं सही केली. तिनं अर्धा तास घड्याळ धरलं होतं.

या वर्षी गोठ्याच्या पत्र्याखाली २०० लिटरचे दोन ड्रम लावलेत. पहिल्या पावसाचं पाणी पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण घेऊन येतं, ते सोडून द्यायचं. दुसऱ्या सरीपासून भरायचं, तोंडाला धोतराचं दुहेरी फडकं बांधायचं आणि ड्रम सावलीत ठेवायचा. आमच्या दोन एकरांच्या एका फवारणीला तेवढं पुरतं.